पत्ता औंध कॅम्प, मतदान चिंचवड, पूर मात्र सांगवीचा

सांगवी नक्की कुठे, असं कुणी विचारलं की आपण "औंधच्या पलीकडे" म्हणून मोकळे होतो. खरंय ते. मध्ये फक्त मुळा. राजीव गांधी पूल ओलांडला की पुणे महापालिका संपते, पिंपरी-चिंचवड सुरू होते. पण ४११०२७ हा आपला पिनकोड टपालखात्याच्या लेखी 'औंध कॅम्प'. औंधचं म्हणून सगळे ओळखतात ते जिल्हा रुग्णालयही नदीच्या आपल्याच काठाला, सांगवी फाट्यापाशी!

संगमावरून सांगवी, असं म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण सांगव्या महाराष्ट्रात ढिगाने आहेत. पण आपल्याला नाव शोभतं खरं. जुनी सांगवी मुळा आणि पवनेच्या बेचक्यात वसलीय. दक्षिणेला मुळा, पूर्वेला पवना, पवनेपलीकडे दापोडी.

१९७० ला पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी मिळून नगरपालिका झाली, त्यात आपण नव्हतो. १९८२ ला महापालिका झाली तेव्हा गाव शहरात आलं. विधानसभेला आधी हवेली; २००९ पासून चिंचवड, आणि लोकसभेला थेट मावळ. पोलीस ठाणं पुणे आयुक्तालयातून २०१८ ला पिंपरी-चिंचवडकडे. पाट्या बदलल्या, बेचकं तेच राहिलं.

आता मुद्द्याचं. पवना धरण जलसंपदा खात्याचं. मुळशी टाटांचं, त्याचं पाणी एरवी वीज करत भिऱ्याला, म्हणजे कोकणात उतरतं. धरण भरून वाहिलं की मात्र जास्तीचं पाणी मुळेतून आपल्याकडे. दोन्हीकडून एकदम सोडलं की काय होतं, ते २०१९ ला पाहिलं, २०२४ ला परत पाहिलं. बरं, मुळेचा एक काठ एका महापालिकेचा, दुसरा दुसरीचा. भिंत इकडे बांधा नाहीतर भराव तिकडे टाका, पाणी हद्द विचारत नाही.

'इतके हजार क्युसेक विसर्ग' असा मेसेज येतो. मुळानगरमधल्या आजीने त्यावरून काय समजायचं? पाणी दारात किती वाजता, हे सांगा ना!

प्रशासनाला साधी मागणी आहे. पावसाळ्याआधी मुळानगर, मधुबनच्या प्रत्येक खांबावर २०२४ च्या पाण्याची खूण रंगवा. आणि किती विसर्गाला पाणी तिथवर चढतं, तो आकडा खाली मराठीत लिहा. ज्यांच्या मोबाईलमध्ये तेव्हाचे तारीख-वेळेसकट फोटो असतील त्यांनी खाली टाका, एकत्र करून क्षेत्रीय कार्यालयात नेऊन देतो.