पोट उघडल्यावर

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की निदान झालं, असं घरच्यांना वाटतं. गाठीची लांबी-रुंदी त्यावर छापलेली असते. पण ओटीपोटातल्या गाठींच्या बाबतीत तो रिपोर्ट बहुतेक वेळा एक चांगला अंदाज असतो. गाठ नेमकी कसली, हे पुष्कळदा टेबलवर, पोट उघडल्यावर ठरतं. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझ्या कामातला हा सर्वांत जोखमीचा आणि मला सर्वांत जवळचा भाग.

भूल चढली की मी मूत्राशय रिकामं झाल्याची खात्री करते आणि पुन्हा हातानं तपासते. स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे आधी न लागलेली गाठीची कड बोटांना लागते. पोट उघडल्यावर गाठ समोरच दिसते, तरी हात लगेच तिच्याकडे जाऊ द्यायचा नाही. आधी पोटातलं पाणी तपासणीसाठी घ्यायचं. मग अपेंडिक्स, यकृत, श्वासपटल, जठर, आतडी क्रमानं पाहायची. कारण दोन्ही बीजकोशांत घट्ट गाठी असल्या, तर मूळ कॅन्सर जठरातला असू शकतो. फ्रीडरिख क्रुकेनबर्ग यांनी १८९६ मध्ये अशा गाठींचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना त्या बीजकोशातच उगवल्यासारख्या वाटल्या होत्या. ज्यांचं नाव त्या गाठींना मिळालं, त्यांनाही मूळ दिसलं नव्हतं.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच: ही आली कुठून? गर्भाशयाच्या बाजूच्या पडद्यात वाढलेला फायब्रॉइड मूत्रवाहिनीला भलतीकडेच ढकलतो; ती सापडेपर्यंत कात्री लावायची नाही. पाठीमागच्या अस्तराखाली असलेला गुळगुळीत गोळा म्हणजे जन्मतःच खाली राहिलेलं मूत्रपिंड असू शकतं. पीळ बसून काळानिळा झालेला बीजकोश मेलाय असं वाटतं. पूर्वी तो काढूनच टाकत. आता पीळ सोडवतात आणि बहुतेक वेळा तो सावरतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त चकवतो तो क्षयरोग. तरुण बाई, पोटात पाणी, दोन्ही बाजूंना गाठी, आणि रक्तात ३५ पर्यंत असायला हवा तो सीए-१२५ हा कॅन्सरचा संशय दाखवणारा घटक काही शेंवर. सगळा कागद कॅन्सरकडे बोट दाखवतो. पोट उघडावं तर अस्तरभर खसखशीएवढे पांढरे दाणे, आतडी एकमेकांना चिकटलेली. पसरलेला कॅन्सरही असाच दिसू शकतो. इथे डोळ्यांवर विसंबायचं नाही, एक तुकडा फ्रोझन सेक्शनला पाठवायचा. पॅथॉलॉजिस्ट तो उणे वीस अंशांच्या आसपास गोठवतात, काही मायक्रॉन जाडीचे काप करतात, रंगवतात आणि साधारण वीस मिनिटांत कळवतात. उत्तर ‘ग्रॅन्युलोमा, कॅन्सरच्या पेशी नाहीत’ असं आलं, की आणखी तुकडे फॉर्मालिनमध्ये न बुडवता जंतूंच्या तपासणीसाठी घ्यायचे आणि पोट शिवायचं. क्षयरोग नक्की ठरला, की पुढचं काम गोळ्यांचं, साधारण सहा महिन्यांचं. गर्भाशय आणि बीजकोश जागच्या जागी राहतात.

फ्रोझनलाही मर्यादा आहेत. बुळबुळीत द्रवानं भरलेल्या मोठ्या गाठीत एका कोपऱ्यात कॅन्सर आणि बाकी सगळं निर्धोक असू शकतं. तपासलेला तुकडा कुठला, यावर उत्तर अवलंबून असतं. शंका उरली आणि बाई मूल हवं असलेली असली, तर मी कमी काढते. अंतिम रिपोर्टनंतर पुन्हा पोट उघडता येतं, काढलेला बीजकोश परत बसवता येत नाही.

हे सगळं चाललेलं असतं तेव्हा जिचं पोट, ती झोपलेली असते. एका स्त्रीनं फक्त तपासणीच्या लॅपरोस्कोपीला संमती दिली होती. ती भुलेत असताना आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जीव धोक्यात नसेल तर अशी संमती चालत नाही. हा निकाल मला मनापासून पटतो. ‘पिशवी काढूनच टाका’ म्हणणारी बाई असो की ‘काहीही करा, पण पिशवी ठेवा’ म्हणणारी, आदल्या दिवशी मी तिच्याजवळ बसते. आत काय काय निघू शकतं ते एकेक सांगते आणि प्रत्येकाला तिचं उत्तर विचारून लिहून घेते. टेबलवरचं निदान माझ्या हातात आहे. त्यानंतर काय करायचं, ते तिनं सांगितलेलं असतं.