मावशीचा गंधार

चेंबूरला नाताळच्या गाण्यांच्या तालमी दिवाळीचे कंदील उतरायच्या आतच सुरू होतात. संध्याकाळी ओएलपीएस चर्चच्या बाजूने गेलं, की एखाद्या ओळीचा तुकडा पुन्हा पुन्हा कानावर येतो आणि बहुतेक वेळा गाणं ओळखू येत नाही. त्या वेळी एकच भाग घोटून घेतलेला असतो, नुसता टेनर नाहीतर नुसता बास. गाणं चौघांत वाटलेलं असतं आणि एकाच वाटेकऱ्याचं ऐकून अख्ख्या गाण्याचा पत्ता लागत नाही. हे मला मावशीमुळे कळलं. मावशी क्वायरमध्ये ऑल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, गायची.

ती आमच्या शेजारची, दाराला दार लागून. माहेर वसईचं, शिक्षण मराठी शाळेतलं, बोलणं मराठी. फार रागावली की कादोडी. लहानपणी तिने लॅटिनमधली मिस्सा ऐकली होती. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, उपासना लोकांच्या भाषेत आली आणि तिच्या गावच्या देवळात मराठी गायनं सुरू झाली. (चर्चला ती शेवटपर्यंत देऊळच म्हणायची.) लग्न होऊन चेंबूरला आली, तर इथे क्वायरची गाणी इंग्रजीत. ती बिचकली नाही. एका शंभर पानी वहीत तिने सगळी कॅरल्स देवनागरीत उतरवून घेतली. ‘अडेस्ते फिदेलिस’सुद्धा, लॅटिन शब्द बाळबोध अक्षरात. सूर चढतो तिथे वर जाणारा बाण, उतरतो तिथे खाली जाणारा, श्वास घ्यायचा तिथे लाल शाईची उभी रेघ. त्या वहीत बाण फारच थोडे होते. पानंच्या पानं आडव्या रेघा, म्हणजे आहे त्याच सुरावर थांबायचं.

आमच्या घरी आजोबांची पेटी होती, एकादशीला भजन होतं, मी गांधर्वच्या परीक्षा देत होते. आमच्या कानाला सवय एका सुरावटीची. खाली तंबोरा, वर गाणारा एक, आणि बाकीचे त्याच्या मागोमाग. मराठी ख्रिस्ती उपासनेतही नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन आणलं, ते याच कानासाठी. त्यामुळे मावशीने मला पहिल्यांदा तालमीला नेऊन शेवटच्या बाकावर बसवलं, तेव्हा चार जण चार गोष्टी एकदम सांगताहेत असं वाटलं. मी वरची, ओळखीची ओळ पकडून बसले. मध्यंतरात मावशी मागे आली. “वरचं सोड, बाय. ते सगळेच ऐकतात. माझ्याकडे बघ.” पुढच्या खेपेला ती गाताना गुडघ्यावर बोटाने आपले सूर दाखवत राहिली आणि मी फक्त तेवढेच ऐकले. दोन-तीन स्वर, त्यांतला एक सारखा येणारा. घरी येऊन पेटीवर लावून पाहिला. गंधार होता.

ज्याला चार आवाजांत गायचं आहे, त्याला षड्ज आणि पंचम मिळवणं अवघड नसतं. बास षड्ज धरतो, बाकी कुणीतरी पंचम धरतं. तिथपर्यंत ऐकणाऱ्याला काहीच समजत नाही. गाणं आनंदाचं आहे की दुःखाचं, हे गंधार ठरवतो, शुद्ध लागला तर एक, कोमल लागला तर दुसरं. तो सूर पुष्कळदा ऑल्टोच्या वाट्याला येतो. तो काढून घेतला तर उरतो नुसता सा-प. आपल्याला तो तंबोऱ्यामुळे ओळखीचा, पण क्वायरमध्ये पोकळ लागतो, भिंती असून छत नसल्यासारखा.

मग मी मावशीला आमचा तंबोरा दाखवला. उत्तम जुळला की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मावशी भोपळ्याला कान लावून बराच वेळ बसली. “तुमच्यात हा आपोआप येतो? आमच्यात मेला दर रविवारी गावा लागतो!” असं म्हणाली आणि इतकी हसली, की आजोबा आतून बाहेर आले. पुढे त्या दोघांचं या एका विषयावर छान जमलं. कीबोर्डचा गंधार किंचित चढा असतो; साथ बंद करून चारही आवाज नुसते गायले तर तो आपसूक खाली, आपल्या जागी येतो, हे मावशीला अनुभवाने ठाऊक होतं. आजोबांचं पेटीबद्दल हेच म्हणणं. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत उठली नव्हती, हे ते तिला पुन्हा पुन्हा सांगत आणि पुन्हा स्वतःच्या पेटीवर बोटं ठेवत.

रेडिओ लागला की मावशी शंकर-जयकिशनच्या गाण्यांत गायकाच्या मागे चाललेली दुसरी सुरावट ऐकायला लावायची. ती रचणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, फाळणीआधी लाहोरला वाजवणारे. राज कपूरचा आर. के. स्टुडिओ आमच्या चेंबूरमध्येच उभा राहिला, त्याच्या चित्रपटांतून ही चर्चच्या वळणाची सुरावट घरोघर पोचली. मावशीला याचा अभिमान होता. “लोकांना वाटतं, आमची गाणी फक्त डिसेंबरात,” असं ती म्हणायची.

डिसेंबरातली कॅरल सर्व्हिस म्हणजे बायबलमधले नऊ पाठ आणि त्यांच्यामधून गाणी, ही रीत इंग्लंडच्या ट्रुरो गावात १८८० साली सुरू झाली. पण जगभर जी ऐकली जाते, ती केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची. पहिलं महायुद्ध संपून सहा आठवडे झाले होते. तिथले नवे डीन एरिक मिल्नर-व्हाइट फौजेत धर्मगुरू म्हणून राहून आले होते. त्यांनी १९१८च्या २४ डिसेंबरला ही उपासना बसवली आणि तिच्या आरंभीच्या प्रार्थनेत, आता पैलतीरावर आणि अधिक उजेडात असलेल्यांची आठवण ठेवली. त्या वर्षी समोर बसलेल्यांपैकी कितीजणांना ते कोण, हे नावानिशी माहीत असणार. मला हे समजल्यापासून नाताळची गाणी मी निव्वळ आनंदाची म्हणून ऐकू शकत नाही. तो आनंद मोजक्या माणसांनी उरलेल्यांच्या वतीने गायलेला आहे. मावशी दरवर्षी तालमीच्या पहिल्या दिवशी, वर्षभरात गेलेल्या गायकांची नावं वहीच्या मागच्या पानावर लिहायची. क्वायरमधल्या माणसाच्या अंत्यविधीला गायला ती कधी चुकली नाही. माहुलच्या कारखान्यांकडचा वारा सुटून घसा धरला असला, तरी गरम पाणी पिऊन जायची.

२०२०च्या मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका क्वायरच्या तालमीला एकसष्ट माणसं जमली आणि त्यांतल्या त्रेपन्न जणांना करोना झाला किंवा झाला असावा, असं निघालं. दोघं दगावली. त्यानंतर जगभर एकत्र गाणं हीच धोक्याची गोष्ट ठरली. आपल्याकडे १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली. २२ डिसेंबरपासून रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी लागली. मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी आली. क्वायर नाहीच. प्रत्येकाने घरी बसून, कानात साथ ऐकत, आपापला भाग फोनवर गाऊन पाठवायचा, म्हणजे कुणीतरी ते जोडील, असं ठरलं.

मावशीने तिचा भाग आमच्या घरी येऊन गायला, कारण तिच्या स्वयंपाकघरात कुकर होता. आमच्या खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. फोन मी धरला होता. ‘अडेस्ते फिदेलिस’ची ऑल्टोची ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटी अशी मी तेव्हाच प्रथम ऐकली. बाजूला कुणी नाही, वर कुणी नाही. ती गाणं वाटतच नव्हती. मधेच थांबणारी, पुन्हा त्याच स्वराला चिकटणारी, कुणाची तरी वाट पाहणारी. गाऊन झाल्यावर मावशी म्हणाली, “कसं लाकडासारखं लागतं ना एकटीचं?” आणि मला म्हणाली, हे पुसू नकोस, पुढच्या वर्षी मुलींना शिकवायला होईल.

एप्रिल २०२१मध्ये ती गेली. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी, त्यांतली बरीच घरची आणि वाहून नेणारी. कुणी गायलं नाही. मला आजही याचं जितकं वाईट वाटतं तितकं तिच्या आजाराचंही वाटत नाही. एवढ्या लोकांना जिने पोचवलं, तिच्यासाठी गंधार धरायला तिथे कुणी नव्हतं.

तिचा मुलगा आखातातून त्या वेळी येऊच शकला नाही. पुढे आला, घर आवरलं, वही मला देऊ केली. मी ती क्वायरला द्यायला सांगितली. एका तरुण मुलीने घेतली आणि ती त्या वहीवरून गाते. मग मी त्याला फोनवरचं गाणं ऐकवलं. दोन ओळी झाल्यावर तो म्हणाला, “हे कुठलं गाणं?”

मी नाव सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. पुन्हा ऐकलं. मग एकदम म्हणाला, “अगं, हे ती भाकऱ्या थापताना गुणगुणायची! सगळा डिसेंबर. पप्पा म्हणायचे, हिला एक चाल धड येत नाही, क्वायरवाले हिला ठेवतात कशाला. आम्ही हसायचो. तीपण हसायची.”

तिने घरी कधी समजावून सांगितलं नाही. मला मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. का, ते मला ठाऊक नाही. मी तालमीला बसत राहिले, गायले कधीच नाही.

तो गप्प बसला होता. मी म्हटलं, “वरची ओळ तुला येते ना? ती सगळ्यांना येते. तू ती धर. मी मावशीबरोबर गाते.”

“कुठल्या पट्टीत?” त्याने विचारलं.

“ती लावेल त्या,” म्हटलं आणि फोन सुरू केला.