आडनाव कुलकर्णी, मुक्काम टोकियो

परदेशी बिऱ्हाड करायला निघालेल्या माणसाने बरोबर काय काय न्यावे हे सांगणारी मंडळी आपल्याकडे उदंड. २०१७ साली आमच्या ह्यांची बदली टोकियोला झाली, तेव्हा गोडा मसाल्यापासून कुकरच्या जादा रिंगपर्यंत सारे मला कुणी ना कुणी सुचवले. आडनावाचे काय करायचे, हे मात्र कुणीच बोलले नाही!

आम्ही राहिलो निशिकासाईला. टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा प्रभागात, तोझाई मार्गावरचे हे स्टेशन. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेले आपले इंजिनीअर इथेच विसावू लागले. कारण साधे आहे. टोकियोत भाड्याने घर घ्यायचे तर जामीनदार हवा, शिवाय घरमालकाला कधीही परत न मिळणारी 'भेट' द्यावी लागते. इथल्या निमसरकारी वसाहतीत दोन्हीचा जाच नाही. त्यामुळे संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास येतो, आणि शेजारची जपानी आजी नाकाला रुमाल न लावता नमस्कार करते.

पुण्याला मी अकरा वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले होते. नवऱ्यामागून आलेल्या बायकोला इथे परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येते. मला वाटले, शिकवण्या गल्लोगल्ली आहेत, काम चालत येईल. जपानी अर्जाच्या छापील नमुन्यात कोपऱ्यात फोटोची चौकट असते, आणि नावाच्या वर त्याचा उच्चार लिहायला वेगळी ओळ. परक्या नावांसाठी त्यांची लिपीच निराळी, काताकाना. तीत 'ल' नाही. कुलकर्णी तिथे 'कुरुकारुनि' होतात.

सहा अर्ज केले. उत्तरे आली ती अतिशय गोड. जपानी माणूस 'नाही' म्हणत नाही. तो मान तिरकी करून म्हणतो, "थोडे अवघड आहे." हे 'थोडे अवघड' म्हणजे दरवाजा बंद, हे कळायला मला दोन महिने लागले. त्यांना जन्मतः इंग्रजी बोलणारी बाई हवी होती, आणि ती कशी दिसते, तिचे नाव काय असते, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

काम मिळवून देणाऱ्या एका कचेरीतला तरुण मला हळूच म्हणाला, "नाव केट लिहा. पालकांना उच्चारायला सोपे." मी लिहिले! फोटो न लावता दोन ठिकाणी अर्ज धाडले. चौथ्या दिवशी एकीकडून बोलावणे आले. तिथले गृहस्थ कागदाकडे पाहत, मग माझ्याकडे, मग माझ्या पाठीमागच्या दाराकडे. बहुधा केट अजून यायची होती. शेवटी त्यांनी विचारले, "केट-सान?" मी म्हटले, "हो." मग त्यांची मान तिरकी झाली.

दुसऱ्या ठिकाणाहून फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. फोन आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजिवांनी उचलला आणि ठेवलाही.

"कोण होतं रे?"

"काय माहीत! कुणी केट पाहिजे होती. मी सांगितलं, इथे केट नाही राहत. इथे फक्त कुलकर्णी राहतात."

आधी राग आला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि पोळी तव्यावर करपली. नकाराचे मला इतके वाटले नव्हते, जितके त्या माझ्या 'हो'चे वाटले.

पुढच्या आठवड्यात ग्योसेन बागेजवळच्या एका लहानशा शिकवणीत गेले. या बागेत एक छोटे प्राणिसंग्रहालय आहे, फुकट. मुलाला तांबडा पांडा दाखवायला आम्ही नेहमी जात असू. शिकवणी चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या. या वेळी अर्जावर पूर्ण नाव होते, फोटोही. त्या म्हणाल्या, "मुलांना अर्धा तास शिकवून दाखवा."

आठ मुले होती. मी फळ्यावर रोमन अक्षरांत आडनाव लिहिले. मुले एका सुरात ओरडली, "कुरुकारुनि!" आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले, की 'ल' आणि 'र' ही दोन्ही अक्षरे माझ्या आडनावातच बसली आहेत. जपानी मुलांना इंग्रजीत छळणारी नेमकी हीच जोडी! जीभ दातांमागे टेकवा, 'कुल'. आता टेकवू नका, 'कर'. मुले हसून लोळली, पण अर्ध्या तासात दोघांना साधले. बाईंनी मान सरळ ठेवून विचारले, "सोमवारी याल?"

मोठ्या शिकवण्यांची दारे म्हणून काही उघडली नाहीत. पण काम वाढले. २०२० पासून जपानी प्राथमिक शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. त्याआधी, २०१९ साली, आमच्या एदोगावा प्रभागसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. जपानी नागरिकत्व घेतलेले आपले मराठी गृहस्थ. २०२३ साली ते इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउराच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्या बातमीचे कात्रण बाईंनीच मला आणून दिले.

शिकवणीच्या दारावरच्या पाटीवर आजही 'कुरुकारुनि'च लिहिलेले आहे. त्याला इलाज नाही. आत गेल्यावर मात्र पोरे उभी राहून 'कुलकर्णी सेन्सेई' म्हणतात, आणि 'ल' चुकलाच तर एकमेकांना दुरुस्त करतात.