रुमालातल्या पोथ्या

"सर, तुम्हाला वाचता येईल ना हे?" तालिका विभागातल्या बाईंनी रुमाल सोडून पोथी माझ्यापुढं सरकवली आणि मला घाम फुटला.

माझं सारं शिक्षण सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत झालं. घरी दखनी बोलायचो, लिहायचो मराठी. मदरशात अक्षरओळख झाली ती कुरआनपठणापुरती. विद्यापीठाच्या ग्रंथालयात भाषा विभागांशी संपर्क ठेवणं हे माझं काम. प्राध्यापकांना काय हवं, संशोधक विद्यार्थी कुठं अडतात ते बघायचं. पण नाव मुसलमानाचं, तेव्हा उर्दू-फारसी येणारच, असं सगळ्यांनी धरलेलं. मीही कधी नाही म्हणालो नव्हतो.

त्या दिवशी म्हणालो, "बाई, अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही."

त्या हसल्या नाहीत. "मला नोंदीचे नियम येतात, अक्षर येत नाही. बसू या."

जुन्या नोंदवहीत सगळ्या पोथ्यांपुढं एकच शब्द होता, 'उर्दू'. एकीपुढं साल 1182. बाईंनी पान उजेडाला धरलं. "हा कागद इतका जुना वाटत नाही मला." मी शेवटचं पान पाहिलं. आकडे बरोबर होते, पण साल हिजरी. म्हणजे इसवी 1768-69. कुणीतरी पोथी पावणेसहाशे वर्षं म्हातारी करून ठेवली होती! मग फारसीच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, "ही उर्दू कुठली? फारसी आहे."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आम्ही तिघं बसू लागलो. शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी मुंबई विद्यापीठाच्या अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची केलेली 1935 ची सूची नमुन्याला समोर असायची. सुटी पानं लावताना पानाच्या तळाशी लिहिलेला पुढच्या पानाचा पहिला शब्द बघायचा, हे मॅडमनी शिकवलं.

भांडणंही झाली. श्रीगोंद्याचे संतकवी, 'योगसंग्राम'कर्ते शेख महंमद आमच्या तालिकेत तीन ठिकाणी होते. महंमद, महमद आणि मुहम्मद. एक विद्यार्थिनी दोनदा हात हलवत परत गेली, म्हणून मी बाईंवर चिडलो.

"मला सांगितलं कुणी? वाचक तुमच्याकडे रडतो, माझ्यापर्यंत आवाज येत नाही."

खरं होतं. वर्षभर मी ती तक्रार ऐकून घेत होतो आणि तालिका विभागाला मनात नावं ठेवत होतो. दोन जिन्यांचं तर अंतर!

एक रूप पक्कं करून बाकीच्यांखाली 'पाहा' अशी नोंद द्यायची ठरली. मला 'मुहम्मद' हवं होतं. बाई म्हणाल्या, मराठी वाचक ज्या नावानं शोधतो तेच. 'महंमद' राहिलं. त्यांचं बरोबर होतं, तरी मन जरा खट्टू झालंच.

अजून चार रुमाल सोडायचे आहेत. या वयात मी मॅडमकडे आमदनामा घोकतोय. गेल्या गुरुवारी बघतो तर शेजारच्या खुर्चीवर बाई, नवी वही घेऊन, अलिफ गिरवत बसलेल्या.