खर्ड्यातली मोकळीक

कथेचा शेवट ठरवूनच लिहायला बसावे, की लेखणी नेईल तिकडे जावे, हा वाद जुना आहे. आम्हांला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. शेवट खुशाल ठरवावा. मात्र खर्ड्यात उतरलेला एखादा तपशील त्याविरुद्ध साक्ष देऊ लागला, तर ती ऐकून घेण्याची तयारी हवी.

फ्लॅनरी ओ'कॉनर या अमेरिकन लेखिकेची 'गुड कंट्री पीपल' ही कथा १९५५ सालची. बायबल विकणारा तरुण नायिकेचा लाकडी पाय घेऊन पसार होतो, हा तिचा उत्कर्षबिंदू. तो पाय चोरणार आहे, हे त्या प्रसंगाच्या दहा-बारा ओळी आधीपर्यंत आपल्याला ठाऊक नव्हते, असे लेखिकेने पुढे सांगितले. सुचल्यावर मात्र ते तिला अटळ वाटले. पाय कथेत आधीपासून होता. प्रत्येक उल्लेखागणिक त्यावर अर्थाचे पूट चढत गेले होते.

आमच्या एका कथेत वडिलांच्या पश्चात बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देते. तिने न वाचता सही करावी आणि मुकाट्याने निघून जावे, असा आराखडा होता. तिसऱ्या पानावर, हातांना काही चाळा असावा एवढ्यासाठी, आम्ही तिला वडिलांचा चष्मा पुसायला दिला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कागद पुढे आला, तेव्हा तिने तो चष्मा डोळ्यांवर चढवला. आता न वाचता सही होणे शक्य नव्हते. तिने वाचले, आणि भावाला म्हणाली, "दादा, हे तू मोठ्याने वाच." कथा बहिणीच्या त्यागाची उरली नाही, भावाच्या आवाजाची झाली.

चष्मा खोडून आराखडा वाचवता आला असता. तसा मोहही झाला, कारण कथेचे मूळ आमच्या आत्याच्या सहीत होते आणि त्या सहीला त्याग म्हणण्याची आमच्या घरची रीत होती. आत्याने तो कागद वाचला होता का, हे घरात कोणी कधी विचारले नव्हते. तो प्रश्न आमच्यापुढे प्रथम आला तो या खर्ड्यामुळे.

म्हणून मोकळिकीलाही शिस्त लागते. नवे वळण बाहेरून आणलेले, की पानावर आधीच असलेल्या वस्तूतून निघालेले, एवढे तपासावे. दुसऱ्या प्रकारचे असेल, तर आराखड्याने वाट द्यावी.