मांडवी ते सहार : जकातीच्या वाटेवरील एक फेरफटका

मुंबई शहरांतील स्थळांचीं नांवें हीं त्या शहराच्या इतिहासाचीं मुकीं पानेंच आहेत. मशीद बंदराच्या बाजूस मांडवी म्हणून जी जुनी व्यापारी पेठ आहे, तिचें नांव आपण नित्य उच्चारतों. परंतु मांडवी म्हणजे जकातीचें ठाणें, हा त्या शब्दाचा अर्थ आतां बहुतेकांच्या विस्मृतींत गेला आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मांडवी आहे, कच्छांत मांडवी बंदर आहे. जेथें गलबतें लागावयाचीं, तेथें माल उतरण्यापूर्वीं सरकारचा माणूस उभा असावयाचा, हा क्रम जुनाच आहे. हल्लीं गलबताच्या जागीं विमान आलें आणि पडावाच्या जागीं कुरियर कंपनीची मोटार आली, एवढाच फरक.

जकात म्हणजे केवळ खजिन्याची भर, असें आपल्याकडील जाणत्या राज्यकर्त्यांनीं मानलें नाहीं. गोव्याकडील बारदेशचें मीठ स्वस्त पडून कोंकणांतील मिठागरें बसूं लागलीं, तेव्हां शिवाजीमहाराजांनीं १६७१ सालीं कुडाळच्या सरसुभेदारास लिहून बाहेरच्या मिठावरील जकात वाढविण्याची आज्ञा केली. पुढें पेशवाईंत जकातीचे प्रकार वाढले. माल भरतेवेळीं थळभरीत, विकतेवेळीं थळमोड, शिवाय वाटेंतील नाके ते वेगळेच. या नाक्यांची कटकट व्यापाऱ्यास इतकी होई, कीं तिच्यांतून हुंडेकरी नांवाचा एक धंदाच उत्पन्न झाला. हा हुंडेकरी ठराविक रक्कम घेऊन, वाटेंतील सर्व जकातदारांशीं स्वतः समजूत करून, माल मुक्कामीं पोंचता करी. मालधन्यास कोणत्या नाक्यावर किती दिलें याचा पत्ता नसे. पण त्याची झोपमोड होत नसे. हा हुंडेकरी वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची पुन्हा गांठ पडणार आहे.

फोर्टांत टाउन हॉलच्या शेजारीं शहीद भगतसिंग मार्गावर जुनें कस्टम हाउस आहे. तेथें आज मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी भरते. कस्टमचें नांव मात्र इमारतीस चिकटून राहिलें आहे. तेथून दहा-बारा मिनिटें चाललें, कीं बॅलार्ड इस्टेट लागतें. १९०८ ते १९१४ या काळांत समुद्र हटवून ही जमीन तयार करण्यांत आली. शेजारच्या अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामांत निघालेली माती व दगड येथें भरावास उपयोगी पडले. पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचें नांव या भागास दिलें, आणि गेट वे ऑफ इंडिया उभारणारे जॉर्ज विटेट यांनींच येथील इमारतींची आंखणी केली. एका उंचीच्या, एका वळणाच्या त्या दगडी इमारतींमधून रविवारीं सकाळीं हिंडतांना मुंबईंत आहोंत असें क्षणभर वाटत नाहीं. याच बंदरावर विलायतेची बोट लागे आणि बोटीच्या उतारूंसाठीं फ्रंटियर मेल येथूनही पेशावरकडे सुटे.

विलायतेस जाणाऱ्या-येणाऱ्यांची ट्रंक उघडून पाहण्याचा सोहळा प्रत्येक बंदरांत चाले. १९३१ सालीं गोलमेज परिषदेस जात असतां मार्सेय बंदरांत गांधीजींनीं जकात अधिकाऱ्यास आपल्या मालमत्तेची यादी सांगितली. तींत चरखे, तुरुंगांतील भांडीं, बकरीच्या दुधाचा डबा, कांहीं पंचे आणि शेवटीं फारशी किंमत न येणारी आपली कीर्ति, असे जिन्नस होते! जकातीच्या कठड्यापुढें माणसानें आपल्या चीजवस्तूंची किंमत स्वतःच्या तोंडानें सांगावयाची असते, हें त्या विनोदांतील मर्म आहे. आणि साऱ्या तंट्यांचें मूळही तेथेंच आहे.

याच बॅलार्ड इस्टेटमध्यें नवें कस्टम हाउस आणि विदेश डाक भवन आहे. परदेशाहून टपालानें येणारीं पार्सलें येथें तपासलीं जातात. टपालाची रीत सरळ आहे. कस्टमचा अधिकारी आकार ठरवितो, पोस्ट तो वसूल करतें, आणि पोस्टमन दारांत पैसे घेऊन पार्सल देतो. परंतु मोठे माल १९८९ नंतर खाडीपलीकडील न्हावा-शेव्याकडे वळले, आणि घाईचीं पार्सलें विमानानें सहारला उतरूं लागलीं. म्हणून आजच्या मांडवीचें दर्शन घ्यावयाचें, तर अंधेरी गांठून सहारचा रस्ता धरावा लागतो.

सहारला बॅलार्ड इस्टेटची शोभा नाहीं. मालमोटारींच्या रांगा, पत्र्याच्या छपरांखालीं खोक्यांचे ढीग, गळ्यांत ओळखपत्र अडकविलेले दलाल, आणि फाटकाजवळ कटिंग चहा घेत मोबाइलवर “माझं डॉकेट कुठं अडकलंय?” म्हणून विचारणारे लोक. आम्हांस तेथें जाण्याचा योग आला तो घरगुती कारणानें. आमचे एक चुलते चाळीस वर्षें इंग्लंडांत होते. ते निवर्तल्यावर काकूंनीं तेथील घर आवरलें आणि त्यांचीं पुस्तकें पुण्यास पाठविलीं. त्यांत काकांच्या नित्य वाचनांतील ज्ञानेश्वरी होती; वर्षश्राद्धाच्या दिवशीं ती घरांतील देवापुढें ठेवावी, एवढीच काकूंची इच्छा. पुस्तकांची किंमत १२० पौंड आणि वाहतूक २१० पौंड, असा हिशेब होता.

खोकें मुंबईस पोंचलें आणि तेथेंच बसलें. कंपनीच्या तिकडील कारकुनानें कागदावर ‘भेटवस्तू’ असा शब्द घातला होता. हा शब्द दिसावयास गोड, परंतु जकातीच्या दारांत फार कडू. डिसेंबर १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, डिसेंबर २०१९ मध्यें, पोस्टानें वा कुरियरनें ‘भेट’ म्हणून सवलतीनें माल सोडविण्यास सरकारनें बंदी केली. जीवरक्षक औषधें आणि राखी एवढ्यांनाच अपवाद ठेवला. आणि राखीबरोबर येणारी ओवाळणी कांहीं त्या अपवादांत बसत नाहीं! बाकीची भेट पूर्ण जकात भरूनच घ्यावयाची. कंपनीनें आमचें खोकें पुस्तकांत न धरतां किरकोळ खासगी वस्तूंच्या चढ्या दराच्या सदरांत घातलें, त्यांत वाहतुकीचे सगळे २१० पौंड मिळविले, वर स्वतःची आगाऊ भरण्याची फी व गोदामभाडें लावलें, आणि पैसे आल्याखेरीज माल निघणार नाहीं असें कळविलें.

काकूंस फोनवर हें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “अरे, मी काय दुकान काढायला पाठवलीत का? त्यांची पुस्तकं त्यांच्या घरी चाललीत.” या प्रश्नास उत्तर नव्हतें. कायद्यास घर माहीत नसतें. त्यास जिन्नस, दर आणि किंमत एवढेंच समजतें. तेव्हां त्याच्याशीं त्याच भाषेंत बोलणें प्राप्त होतें.

प्रथम आम्ही कंपनीकडे बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे सरकारांत दाखल केलेल्या आयातपत्राची, प्रत मागितली. ती मिळण्यासच सहा दिवस व अकरा टेलिफोन लागले. ती हातीं येतांच दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली, छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पानें शेंकडा ५ मूळ सीमाशुल्क बसविलें आहे आणि त्यांवर वस्तु व सेवा कर नाहीं. तेव्हां पुस्तकें दुसऱ्या सदरांत घालण्याचें कारण नव्हतें. दुसरी गोष्ट अधिक मौजेची. मालाच्या किंमतींत वाहतूक मिळवावी हें खरें. परंतु २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणें माल विमानानें आला असेल, तर ही वाहतूक मालाच्या मूळ किंमतीच्या शेंकडा २० हून अधिक धरतां येत नाहीं. म्हणजे २१० पौंडांच्या जागीं २४ पौंड. कंपनीच्या हिशेबानें ३३० पौंडांवर आकारणी होती. नियमाप्रमाणें ती विम्याची किरकोळ रक्कम सोडल्यास १४४ पौंडांवर व्हावयास हवी होती. हलक्या किंमतीच्या जुन्या वस्तु भारी वाहतुकीनें येतात तेथें हा नियम फार उपयोगी पडतो.

कंपनीचें म्हणणें, आधीं पैसे भरा, मग तक्रार करा. इकडे कालगति थांबत नव्हती. सीमाशुल्क कायद्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणें माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडविला नाहीं, तर नोटीस देऊन तो विकतां येतो. आणि गोदामभाडें तर रोज चढत असतें. श्राद्धतिथीही जवळ येत होती. शेवटीं पुस्तकांची यादी, किंमतीचा व वाहतुकीचा कागद आणि नियमांचे आंकडे जोडून आम्ही एक अर्ज कंपनीस व त्याचीच प्रत टर्मिनलवरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांस दिली. अधिकारी तरुण होते. यादी वाचून त्यांनीं खोकें उघडविलें आणि चार पुस्तकें चाळून म्हणाले, “आजोबा, कंपनी जे सदर भरते तेच आमच्यासमोर येतं. दुरुस्तीचा अर्ज त्यांनीच टाकायला हवा. त्यांना तसं सांगतो.” तीन दिवसांत दुरुस्ती झाली, आकार कितीतरी खालीं आला, आणि तिथीच्या चार दिवस आधीं खोकें घरीं पोंचलें. कंपनीचें गोदामभाडें मात्र आम्हांस हरकत नोंदवून भरावें लागलें. ग्राहक आयोगाकडे जाण्याची लेखी सूचना दिल्यावर त्यांतील निम्मी रक्कम परत आली, निम्मी गेली ती गेलीच.

या प्रकरणांतून जें हातीं लागलें, तें घरोघरीं परदेशस्थ मुलेंबाळें असलेल्या वाचकवर्गास उपयोगी पडेल. कुरियरच्या बिलांत दोन निराळ्या धन्यांचे पैसे एकत्र मांडलेले असतात. एक सरकारचा कर, दुसरी कंपनीची मजुरी. दोहोंचीं न्यायाचीं दारें भिन्न आहेत. कराविषयीं तक्रार असल्यास निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत आयुक्तांकडे १२८ व्या कलमाखालीं अपील करावें. परताव्यास २७ व्या कलमाची एक वर्षाची मुदत आहे. मात्र ‘हरकत नोंदवून भरणा’ असें लिहून पैसे भरले असल्यास ही मुदत आड येत नाहीं. परंतु नुसता परताव्याचा अर्ज पुरत नाहीं. मूळ आकारणी बदलून घेतल्यावांचून परतावा मिळत नाहीं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१९ मध्यें दिला आहे. कंपनीच्या फीविषयीं गाऱ्हाणें असेल, तर तें सीमाशुल्काच्या दारांत नेऊन फळ नाहीं. तेथें ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा आहे आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यतेचा दूरध्वनि क्रमांक आहे. माल अजून सुटला नसेल, तर दुरुस्तीचा अर्ज हा सर्वांत स्वस्त उपाय. एकदां सुटला, कीं प्रत्येक पायरी महाग होत जाते.

परदेशांतील जकातीचा चटका आपल्याकडच्या स्वयंपाकघरांसही २०२५ सालीं बसला. अमेरिकेंत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांस असलेली जकातीची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेण्यांत आली. वसुली कोणीं व कशी करावयाची याचा उलगडा होईना, म्हणून आपल्या टपालखात्यानें २५ ऑगस्टपासून तिकडील पार्सलें घेणें थांबविलें. १०० डॉलरपर्यंतच्या भेटी आरंभीं चालू होत्या, त्याही महिनाअखेर बंद झाल्या. टपाल पुन्हा सुरू झालें तें १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होतें २१ ला. चकल्या-करंज्यांचे डबे भरून बसलेल्या किती आयांनीं त्या वर्षीं दिवाळीचा फराळ तिकडे पाठविला नसेल! दोन सरकारांतील तेढ शेवटीं कोणाच्या तरी अनारशांवर येऊन आदळते, ती अशी.

जकात असूं नये असें म्हणणारा शहाणा नव्हे. मुंबईच्या वेशीवर दहिसर-मुलुंडचे जकातनाके १ जुलै २०१७ ला बंद झाले, तेव्हां रांगेंत तिष्ठणाऱ्या मोटारवाल्यांनीं सुटकेचा श्वास सोडला. परंतु त्या नाक्यांच्या उत्पन्नावर शहराचे दिवे व दवाखाने चालत होते, हेंही तितकेंच खरें. राज्यानें कर घ्यावा. आपण तो द्यावा. प्रश्न आहे तो मधल्या हुंडेकऱ्याचा. पूर्वींच्या हुंडेकऱ्यानें एकच रक्कम सांगितली आणि ती आपण मुकाट्यानें दिली, कारण नाक्यावर काय चाललें आहे हें पाहण्याचें साधन आपणांस नव्हतें. आजच्या हुंडेकऱ्याच्या हातीं संगणक आहे, सरकारीं नोंद झालेला कागद आहे, आणि त्या कागदावर आपलें नांव आहे. आपलें नांव असलेला कागद वाचावयास मागणें हा उद्धटपणा नव्हे. मांडवीवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा तो पहिला हक्क आहे, आणि कर्तव्यही.