कुत्र्यामागून चालणारी माणसं

मागाच्या कारखान्यात दोन माणसं पाळीभर शेजारी उभी असतात आणि एकमेकांशी शब्द बोलत नाहीत. बोलून उपयोगच नसतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि हळूहळू या गावाच्या कानात धोट्याची खटखट कायमची वस्तीला आली. रात्री वीज गेली, माग थांबले, की आमच्याकडे माणसं दचकून उठून बसतात. या आवाजात मागवाल्यांनी आपली एक मुकी बोली तयार केली. भुवई उडाली की तार तुटली, अंगठा ओठाकडे गेला की चहा, हनुवटी दाराकडे वळली की मालक आला.

ही बोली मला उमगली ती कारखान्यात नव्हे, माळावर. आमच्या गल्लीतले तात्या जॉबर. बिघडलेले माग ताळ्यावर आणणं हा त्यांचा धंदा आणि कारवानी कुत्री हा त्यांचा नाद. कोल्हापूरच्या मुलखात माणसाला एक तरी नाद असावाच लागतो. कुणाला तालीम, कुणाला बैल, कुणाला कबुतरं. सुट्टीच्या पहाटे तात्या दोन कुत्री घेऊन हातकणंगल्याच्या पुढं आळत्याच्या डोंगराकडे निघतात. पहिल्यांदा मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, “ये की. पर तोंड मिटून यायचं. बोलायचं आसंल तर परतताना.”

तात्यांच्या वडलांच्या काळी हे जाणं सशासाठी असायचं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढं सशाची शिकार गुन्हा ठरली. आता कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा असतो आणि पट्ट्याचं टोक माणसाच्या मनगटाला. पण चालण्याची रीत जुनीच राहिली आहे. ओळीनं पसरून चालायचं, वाऱ्याला तोंड करून चालायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुत्र्याच्या पुढं जायचं नाही.

शिकारी कुत्र्यांचे मोठे भेद दोन. एक नाकाचे, दुसरे डोळ्यांचे. इंग्लंडातलं बीगल हे नाकाचं. बुटकं, लांब कानांचं, अंगानं भरीव. ओल्या गवतावर सशाच्या पायांचा वास रेंगाळतो आणि बीगलांचा कळप त्या वासावर नाक टेकवून, एकसुरात ओरडत, तासन्‌तास सशाच्या मागावर राहतो. घोड्यांची गरज नाही. माणसं पायीच मागून पळतात, चिखल तुडवतात, कुंपणं ओलांडतात. ससा आपला मुलूख सोडून फार लांब जात नाही, मोठं वर्तुळ घेऊन पुन्हा ओळखीच्या रानात येतो. त्यामुळं दमलेला माणूस टेकाडावर थांबला तरी सगळा खेळ फिरून त्याच्यासमोर येतो. ग्रीक लेखक झेनोफननं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शिकारीवर पुस्तक लिहिलं, त्यातही कुत्रे घेऊन पायी केलेल्या सशाच्या शिकारीवर तो रमून लिहितो.

आमच्या कोरड्या, तापलेल्या जमिनीवर वास टिकत नाही. इथं नाकापेक्षा डोळ्याला काम जास्त. म्हणून दख्खनच्या उघड्या माळानं डोळ्याचं कुत्रं घडवलं. कारवानी म्हणजे खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, लांब निमुळतं तोंड आणि अंगावर चिमटीत न येणारी मऊ, आखूड लव. कानांवर नि शेपटीवर लांब केस असले तर पश्मी म्हणायचं. परक्या माणसाचा हात त्याला खपत नाही. बीगल ओरडून सगळ्या रानाला बातमी देतं. कारवानी काहीच सांगत नाही. ते थांबतं, मान उंच करतं, आणि मग जे काय व्हायचं ते चार श्वासांत होऊन जातं.

पण ससाही याच माळाचा. तो बीळ करत नाही. गवतात, ढेकळांच्या आडोशाला अंगापुरती जागा दाबून बसतो, आणि पाय अगदी जवळ पडेपर्यंत हलत नाही. त्याची पिल्लंसुद्धा डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊनच जन्मतात. उघड्यावर जन्मणाऱ्याला आंधळं राहून चालत नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळं मागून येणारंही दिसतं. सरळ धावेत कुत्रं त्याला गाठतं, म्हणून तो सरळ धावतच नाही. दात पाठीला लागणार एवढ्यात काटकोनात वळतो, कुत्रं आपल्याच वेगानं पुढं फेकलं जातं, आणि मानेमागचा तो काळा ठिपका पुन्हा लांब दिसू लागतो. तात्यांच्या वडलांचं म्हणणं असं, की दहातले सहा ससे घरी जायचे आणि माणसं रिकाम्या हातांनी. तरी पुढच्या खेपेला सगळी पुन्हा हजर.

मग ती जायची कशाला? मटणासाठी म्हणावं तर सशाचं मांस ते केवढं. सहा-सात घरांत वाटलं तर कालवणाला नुसता वास. कष्टाच्या मानानं हा धंदा आतबट्ट्याचाच. मला वाटतं, माणसं जायची ती कुत्र्यामागून चालायला. चारजण एका वाटेनं चालले की पुढं कोण आणि मागं कोण हा प्रश्न येतोच. मालक पुढं चालतो, नोकर मागं. कुत्रं पुढं असलं की तो प्रश्नच मिटतो. पुढं काय आहे हे त्या एका जनावराला ठाऊक, आणि आपण सगळे सारखेच अडाणी. अशा सारखेपणातून जी सोबत होते ती बैठकीत बसून होत नाही.

या सोबतीचं मोल आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. राजानं जीव कशात रमवावा हे सांगताना त्यानं शिकारी कुत्र्यांना वेगळं प्रकरण दिलं. त्याच्याही आधीचा, इसवी सन ९४९-५० चा, कर्नाटकातल्या आतकूरचा शिलालेख आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णानं चोळांचा पराभव केला त्या लढाईत गंग राजा बूतुग त्याच्या बाजूनं होता. बूतुगाचा मणलेर नावाचा सरदार पराक्रमानं लढला. राजा खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. मणलेरनं गाव मागितलं नाही की सोनं मागितलं नाही. राजाची ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढं ही काळी एका रानडुकराशी झुंजताना मेली, डुक्करही मेलं. मणलेरनं तिच्या नावानं दगड उभा केला, त्याच्या पूजेला जमीन लावून दिली.

कारवानीचं नाव जगात गेलं ते मुधोळमुळं. चिकोडी-रायबागवरून पूर्वेला उतरलं की बागलकोट जिल्ह्यात हे गाव लागतं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला पिल्लं भेट दिली. तेव्हापासून तिला मुधोळ हाउंड म्हणू लागले. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं. घोरपडे म्हटल्यावर इचलकरंजीकराचे कान टवकारतात, कारण आमचे जहागीरदारही घोरपडेच. पण ते मूळचे जोशी. कापशीच्या सेनापती घोरपड्यांच्या आश्रयानं वाढलेल्या नारो महादेवांनी कृतज्ञतेनं धन्याचं आडनाव घेतलं. खाल्ल्या मिठाला जागावं ते असं.

बीगलांच्या देशातही कायद्यानं गाठलंच. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी ससा धरण्यावर २००५ पासून बंदी आहे. तरी बीगलांचे कळप मोडले नाहीत. कुणीतरी आधी पळत जाऊन कृत्रिम वासाची रेघ ओढतो आणि कुत्री नि माणसं तिच्यामागं पळतात. त्या आडून खरी शिकार चालते असा आरोप तिथं होतोच. आमच्या जत्रांतही कुत्र्यांच्या शर्यती लागतात. आणि गंमत म्हणजे, इचलकरंजीला ज्या मँचेस्टरची उपमा देतात, त्याच्या आसपासचे मागकामगारसुद्धा व्हिपेट नावाची सडपातळ कुत्री पाळत आणि सुट्टीला चिंधी हलवून त्यांच्या शर्यती लावत. आवाजात दिवस घालवणाऱ्या माणसाला मुकं, वेगवान जनावर का आवडतं हे तिकडच्या मागवाल्याला इकडच्यानं विचारायची गरज पडली नसती.

माळावर आम्ही पाचजण असतो. त्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, जैन. हातकणंगले-शिरोळच्या पट्ट्यात जैन घरं पुष्कळ. कुंभोजच्या बाहुबलीची २८ फुटी मूर्ती आमच्या वाटेपासून लांब नाही. गुरुजी अंधार पडल्यावर जेवत नाहीत, कंदमूळ खात नाहीत. तात्यांच्या वडलांबरोबर ते एक पाऊल चालले नसते. आता ससा उठला की सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतो. ते हाक मारत नाहीत. तात्यांकडून शिकलेली भुवई उडवतात. तात्या मनगटाला पट्ट्याचा एक वेढा जास्त घेतात. कुत्रं मागच्या दोन पायांवर उभं राहतं, त्याच्या छातीतून बारीक कण्हणं निघतं, आणि ससा उसाच्या फडात शिरेपर्यंत आम्ही सगळे श्वास धरून उभे असतो. कायदा कुत्र्याला समजावता येत नाही. त्याच्या अंगात हजार वर्षांची धाव आहे आणि आम्ही ती दोरीनं धरलेली आहे, हे विसरता येत नाही.

तरीही मला हा सौदा वाईट वाटत नाही. जुन्या टोळीत मारणारेच मावत होते. मारणं सुटलं आणि टोळीला गुरुजी मिळाले, मी मिळालो, पट्टणकोडोलीचा एक धनगर पोरगा मिळाला, ज्याच्या घरची कुत्री मेंढरं राखतात आणि ज्याला पळणाऱ्या कुत्र्याचं नवल वाटतं. परतताना तोंडं उघडतात ती गाव येईपर्यंत मिटत नाहीत. सुताचा भाव, पंचगंगेचं पाणी, मुलीचं लग्न, गुडघेदुखी. एकमेकांकडे न बघता, एकाच दिशेला तोंड करून चालताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बसून बोलत नाही.

मागच्या विणीतलं एक पिल्लू गुरुजींनी मागितलं. तात्या बराच वेळ गप्प राहिले. गुरुजींच्या घरात अंडं शिरणार नाही, आणि नुसत्या भाकरी-दुधावर कारवानीची छाती भरत नाही. शेवटी म्हणाले, “न्या. पर अंडं माझ्या दारात येऊन खाईल. आन् रोज पळवायचं.” गुरुजींनी अट तिथल्या तिथं मान्य केली. आता रोज सकाळी सातला ते पिल्लू घेऊन तात्यांच्या दारात येतात, पट्टा तात्यांच्या हातात देतात आणि अंडं संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पेपर वाचतात.